शेजारणीचा भाव

बाबा, गेल्या आठवड्यात शेजारीण घरी आली आणि म्हणाली, "पुढच्या निवडणुकीला मी परत उभी राहतेय. या खेपेला सगळं तू सांभाळ. तुझ्याइतका माझा कुणावर भरवसा नाही." मी चहा टाकते म्हणून उठले आणि तिच्याकडे पाठ करून ओट्याशी आलं किसायला घेतलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी लिहिलं नाही. आता लिहितेय, कारण मी जे केलं ते ऐकून तुम्ही काय म्हणाल, हे मला माहीत आहे.

तुमचं ते एकदा म्हणून झालेलं आहे. मी कॉलेजात होते. विधानसभेचं मतदान आटोपून, केंद्राध्यक्ष म्हणून दोन दिवस कुठल्याशा आडगावच्या शाळेत काढून तुम्ही घरी आला होतात. आईने पिठलं-भात वाढला आहे, तुमचे डोळे जागरणाने लाल झाले आहेत, आणि मी विचारते, "बाबा, तुमच्या केंद्रावर कुणाचा जोर होता?" तुम्ही विचारता, "कशाला?" मी सांगते, वर्गात पैज लागलीय. तुम्ही ओरडला नाहीत. घास खाली ठेवून म्हणालात, "माझ्यासमोरून सात-आठशे माणसं गेली. कुणाच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं असेल, तर ते मी त्या खुर्चीत होतो म्हणून. ते माझं नाही, मग तुझं कुठून होणार? उद्या जाऊन पैज मोडून ये." मी मोडली. सगळा वर्ग हसला. कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

इथे सिडनीत त्या पैजेचं रूप फार सभ्य झालंय. इंटरनेटवर बाजार भरतो. अमुक जागेवरून अमुक उमेदवार निवडून येईल की नाही, यावर 'हो' किंवा 'नाही' विकत घ्यायचं. उमेदवाराचा भाव साठ असला, तर जिंकण्याची शक्यता शंभरात साठ, असं लोक धरून चालतात. पॅरामॅटाला आमच्या ऑफिसात लंचला हेच बोलणं चालतं. माझं कामच आकड्यांचं. माझे अंदाज बरोबर यायचे आणि पोरं म्हणायची, "हिला विचारा, हिला आधीच कळतं." मला ते फार आवडायचं. पन्नाशीला आलेल्या बाईला असं कोण म्हणतं, बाबा?

शेजारीण नर्स आहे, आपल्या नाशिकची. इथल्या गिरावीन भागात आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. राज्याच्या निवडणुकीला ती उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर मीही दारोदार फिरले. एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता ती म्हणाली, "आतला सर्व्हे वाईट आलाय गं. पक्षवाले म्हणतात, या जागेवर आता खर्च नको. कुणाला बोलू नकोस हं." मी म्हटलं, "छे गं." ती गेली आणि मी लॅपटॉप उघडून तिच्या नावापुढचं 'नाही' विकत घेतलं. आमच्या जागेवर बोली लावणारे जेमतेम मूठभर. माझ्या एकटीच्या खरेदीने तिचा भाव साठावरून चाळिसाच्या खाली आला.

दोन दिवसांनी मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी त्या घसरलेल्या भावाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आत काहीतरी शिजतंय. मार्केटला सगळं कळतं.' मार्केटला मीच कळवलं होतं. मग मदतीला येणाऱ्यांपैकी एकीच्या मुलाचा स्विमिंगचा क्लास निघाला, दुसऱ्याला शिफ्ट बदलून मिळेना. मतदानाच्या शनिवारी मतदान होतं त्या शाळेच्या फाटकाशी तिची पत्रकं वाटायला (इथे ते चालतं) ती, तिचा नवरा आणि मी, एवढेच. आत मतदारांना विकायला सॉसेज भाजतात त्याचा वास, बाहेर रांग. ती दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघायची. "सगळे कुठे राहिले गं?" मी म्हटलं, "दुपारपर्यंत येतील." कुणी आलं नाही. संध्याकाळी प्रचाराच्या टी-शर्टची घडी घालताना ती म्हणाली, "तू एकटी शेवटपर्यंत थांबलीस. मी विसरणार नाही."

टपाली मतं मोजून होईस्तोवर आठवडा गेला. फार थोडक्यात हरली. "अजून दोन गल्ल्या फिरलो असतो ना, तर झालं असतं," ती म्हणाली. ज्या गल्ल्या राहिल्या होत्या, त्या न आलेल्या माणसांच्या वाट्याच्या होत्या. माझ्या खरेदीने ती हरली की तशीही हरली असती, हे कुठलाच हिशेब सांगू शकत नाही. मी करून पाहिलाय, पुष्कळदा.

परवा तिला हो म्हणून आले. हे कागद तिच्या पत्रपेटीत टाकावेत असं काल मनात आलं. ती मराठी वाचते, तिला सगळं कळेल. फाटकापर्यंत गेलेही होते. ती बागेत पाणी घालत होती, तिने हात केला, मी कागद कोटाच्या खिशात घातले आणि गवत किती वाढलंय यावर बोलून परत आले.

तुम्हाला मात्र एक सांगते, बाबा. निकाल तिच्या फोनवर आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. ती रडायला लागली. आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझा अंदाज बरोबर ठरला. वाईट वाटलं, पण ते नंतर.