ठोकळ्यांसाठी धुतलेली दोन घमेली रेती

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
गोदाम छत दुर्घटना चौकशी कक्ष, नागपूर.

विषय : वाडी येथील गोदामाचे छत पडल्याप्रकरणी माझा अपुरा जबाब पूर्ण करून घेणे व मयत मुलावरील ठपका काढणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल, परिच्छेद ६.

महोदय,

मी मैनाबाई नत्थूजी धकाते, वय ६९. बांधकामावर रेती चाळण्या-धुण्यात माझी चाळीस वर्षे गेली. साठीनंतर अक्षरे शिकले, म्हणून आपला अहवाल वाचायला चार दिवस लागले.

१. अहवालात लिहिले आहे की रेती स्वच्छ होती, मालाची ताकद तपासायला ओतलेले ठोकळे पास झाले, म्हणून मिस्त्री जागेश्वर याने छताखाली टेकू दिलेल्या बल्ल्या घाईने काढल्यामुळेच छत पडले. जागेश्वर माझा मुलगा. पुरावा म्हणून माझा जबाब जोडला आहे : "रेती मी स्वतः धुतली."

२. हे खरे आहे. पण मी दोनच घमेली धुतली. छताची रेती मातकट होती, मुठीत दाबली की गोळा होत होता. बाटलीत रेती व मिठाचे पाणी हलवून मी सुपरवायझर केशव यांना दाखवले. रेतीवर दोन बोटे गाळ बसला. कणावर माती चढली की सिमेंट कणाला धरत नाही, आणि माती पाणी पिते म्हणून मालात पाणीही वाढवावे लागते, हेही सांगितले. त्यांनी बाटली लाथेने सांडली आणि ठोकळ्यांपुरती दोन घमेली धुवायला लावली. म्हणाले, "म्हातारे, परीक्षा ठोकळ्याची राहते, छताची नाही." बाकी रेती तशीच छतात गेली.

३. बल्ल्या छत ओतल्यापासून एकविसाव्या दिवशी काढायच्या होत्या, त्याच दिवशी काढल्या. खाली शिरण्याआधी जागेश्वरने माल पक्का झाला का ते छताच्या कडेला नख लावून पाहिले आणि मला विचारले, "माय, रेती तूच धुतली न?" केशव शेजारी उभे होते. मी हो म्हटले. पुढचे बोलले नाही. तो आत गेला.

४. जबाबाच्या वेळी मी सही करते म्हटले. कारकून म्हणाले, "तुले सहीले टाइम लागते, अंगठा मार." पहिले वाक्य लिहून झाले तेव्हा त्यांच्या जेवणाची सुट्टी झाली. दुसरे वाक्य राहिले.

तरी विनंती की, पडलेल्या छताचे तुकडे तपासावेत. ते होत नसेल, तर परिच्छेद ६ मध्ये जागेश्वरच्या जागी माझे नाव लिहावे. बल्ल्या त्याने काढल्या, पण त्याला खाली मी पाठवले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
मैनाबाई नत्थूजी धकाते
(सही केली आहे. अंगठा नाही.)
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : बाटली एक. मुलाला शेवटची आंघोळ घालताना डोक्यातून निघालेले मातीचे गोळे व रेती. गाळात केस आहेत. ते काढू नयेत, रेती कोणत्या छताची हे त्यांवरून कळेल.