शिवांजलीची दहावी आणि माझी सही

पलूस,
ता. ३ फेब्रुवारी

ति. सौ. शालूआक्कास,

धाकट्या लालासाहेबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग (झोपले असतील तर उठवू नकोस, चहाच्या वेळी सांग). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळव. दाजींचा गुडघा काय म्हणतो? मी दिलेलं तेल लावतात, की बाटली अजून तशीच कपाटात आहे? तुझी शुगर परवा तपासणार होतीस, ती तपासलीस का? फोन सोडून हा पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं म्हणजे, मी फोनवर बोललेलं अर्ध्या आळीला ऐकू जातं (फौजेतली अठ्ठावीस वर्षं वायरलेसवर ओरडण्यात गेली, आता आवाज खाली येत नाही). आणि काही गोष्टी बोलण्यापेक्षा लिहिलेल्या बऱ्या. तसं विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसलो.

तुला ठाऊकच आहे, आपली शिवांजली यंदा दहावीला आहे. तिचा बाप विश्वजीत तिकडे आसामात ड्यूटीवर, सूनबाई संयोगिता ऊसतोडीच्या टोळीमागे फडात, तेव्हा नातीच्या दहावीचा चार्ज मी जूनमध्येच घेतला. कुणी दिला नव्हता, मी घेतला. भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहाटे साडेचारला शिट्टी (शेजारच्यांची कुत्रीसुद्धा त्याच वेळी उठू लागली), पाच ते सात गणित, आणि गणिताच्या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसणार. तिची पेन्सिल कुठं अडखळली की माझ्या तोंडून लगेच "चूक" निघायचं. कधी कधी ती बरोबरच असायची, पण तोवर तिनं खोडून टाकलेलं असायचं. आता तू म्हणशील की लालाला बीजगणित कधीपासून यायला लागलं? येत नाही. पण चूक ओळखायला यावंच लागतं असं थोडंच आहे?

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली आणि गणितात तिला ऐंशीपैकी एकवीस पडले. पास व्हायला पस्तीस लागतात हे मला आपल्या वेळेपासून पाठ आहे. पस्तिसातून एकवीस गेले, राहिले चौदा. मी लाल पेनानं कॅलेंडरवर लिहिलं, "चौदा कमी". रोज सकाळी शिट्टीनंतर तेच पहिलं वाक्य, की बाळ, अजून चौदा गुणांनी नापास आहेस. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोरीनं आईला सांगितलं, "मी परीक्षेलाच बसत न्हाई." आक्का, ही तीच पोर, जी तुझ्याकडं आली की तुला तोंड उघडू देत नाही. ती सगळ्याला नुसतं "हं" म्हणायला लागली. जेवायला ये, हं. अभ्यास झाला का, हं. संयोगिता म्हणाली, "आबा, जरा दमानं घ्या." मी म्हणालो, फौज दमानं चालत नाही. आणि साडेचारची शिट्टी सव्वाचारला वाजवायला लागलो.

अशात शाळेनं दहावीच्या पालकांची सभा बोलावली. वर्गशिक्षिका उमाबाई, सांगलीहून रोज येणं-जाणं करतात, गणितही त्याच शिकवतात. बोलणं मऊ, पण नजर आपल्या जुन्या कमांडिंग ऑफिसरसारखी. दहावी पास होण्यासाठी नक्की काय काय लागतं आणि मुलांना कोणकोणत्या सवलती, कोणती मदत मिळते, हे त्या समजावत होत्या. पण लेखी, अंतर्गत, श्रेणी, पुरवणी असे शब्द यायला लागले तशी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हरणाबाई म्हणून एक आजी आहेत, नातू साईराजची पालक म्हणून येतात, त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "सुभेदार, बाई काय म्हणत्यात ते जरा आमच्या भाषेत सांगा की." (मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण गावानं बढती दिली ती मी परत केली नाही.) झालं. मी उठून उभा राहिलो आणि बाईंच्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर सुरू केलं. एवढं चांगलं केलं की पंधरा मिनिटांत मला पालक समितीचा उपाध्यक्ष करून टाकलं.

भाषांतरात एक घोटाळा झाला, तो कबूल करतो. बाई म्हणाल्या, प्रत्येक विषयात ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस अंतर्गत, म्हणजे वर्षभराचा गृहपाठ, छोट्या चाचण्या वगैरे धरून शाळा देते. मी ते आमच्या भाषेत असं सांगितलं की वीस गुण शाळेच्या हातात आहेत, तेव्हा शाळेशी संबंध चांगले ठेवा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दोन गुळाच्या ढेपा, वांग्याची पाटी, भुईमुगाच्या शेंगा आणि एक जिवंत कोंबडा येऊन बसला. उमाबाई शाकाहारी. कोंबडा हजेरीपटावर उभा राहून आरवत होता म्हणे. ज्याचं त्याला परत पोचवायला मला दुपारभर गावात फिरावं लागलं, आणि कोंबडा कुणाचा ते अजून कुणीच कबूल करत नाही, त्यामुळे तो सध्या आपल्या परसात आहे. खेळाचेही वाढीव गुण मिळतात हे सभेत ऐकून एका बापानं विचारलं की पोरगं दोन वर्षं ट्रॅक्टर चालवतंय, ते खेळात धरतील का. बाईंनी त्यालाही शांतपणे नियम सांगितला. अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या एका मुलाला जादा वेळ मिळणार आहे, त्याचे कागद त्यांनी आधीच पुढं पाठवलेत. इतकी वर्षं आपण अशा पोरांना आळशी म्हणत आलो, आक्का.

आता जे लिहितोय ते जरा जड आहे. सभा संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "आबा, शिवांजली पास आहे हो." मी म्हणालो, एकवीस आहेत. त्या म्हणाल्या, "लेखीचे एकवीस आणि अंतर्गतचे सतरा, अडतीस झाले. पस्तीस हे शंभरातले लागतात, ऐंशीतले नाहीत." म्हणजे बघ, अर्ध्या तासापूर्वी मीच उभा राहून साऱ्या गावाला ऐंशी आणि वीस समजावले होते, पण घरचा हिशेब करताना ते वीस मी घेतलेच नव्हते. पोर पास होती. मी तिला रोज सकाळी नापास करत होतो.

तुला वाटेल, मी धावत घरी गेलो आणि सांगितलं. नाही सांगितलं. मी विचार केला की धाक आहे तोवर अभ्यास करील, अडतीस कळले की ढिली पडेल. तसंच एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीत बसता येतं, जुलैत पुरवणी परीक्षा असते, हेही बाई सभेत सांगत होत्या, ते मी भाषांतरात गाळायला बघत होतो. लढाईच्या आधी माघारीचा रस्ता दाखवू नये, असं माझं मत. बाईंनी मला उभं करून ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लावलं. सभेत सांगितलं, घरी नाही. यात माझं चुकलं. हे मी मोठ्या माणसांत आजवर कुणाजवळ बोललो नाही, तुझ्याजवळ लिहितोय.

पुढच्या आठवड्यात बाईंनी एक कागद काढला. वरच्या भागात विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, "परीक्षेसाठी मला घरून हवी असलेली मदत", आणि खाली छापलेलं, "वरील मदत देण्याचे आम्हाला मान्य आहे", त्याखाली पालकाची सही. सह्या गोळा करायचं काम उपाध्यक्षाकडं आलं. पालक कां-कूं करायला लागले. मग मी प्रार्थनेच्या ओट्यावर चढून भाषण केलं. म्हणालो, मूल जी मदत मागेल ती द्यायची, कारणं सांगायची नाहीत, सही म्हणजे शब्द आणि दिलेला शब्द मागं घेणारा माझ्या गावचा नाही. आणि उदाहरण म्हणून शिवांजलीचा कागद मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, वरचा भाग दुमडलेलाच ठेवून खाली सही ठोकली. वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. टाळ्या पडल्या.

मग ऑफिसात बसून कागद लावायला घेतले. बाईंनी फक्त सह्या तपासायला सांगितल्या होत्या, पण तू मला ओळखतेस, मी वाचले. एकानं लिहिलं होतं, म्हशीची धार महिनाभर दादानं काढावी. एकीनं लिहिलं होतं, पप्पांनी माझ्यासमोर काकांच्या मुलीचे गुण सांगू नयेत. साईराजनं लिहिलं होतं, आजीनं मालिका आवाज बंद करून बघाव्यात. मी एकटाच पोट धरून हसत होतो. आणि मग शिवांजलीचा कागद हातात आला. तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि कागद आपल्या जागी ठेवून दिला.

घरी आलो तेव्हा ती अंगणात प्रमेय पाठ करत होती. मला बघून आवाज बारीक झाला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, अडतिसाचं, एटीकेटीचं, जुलैचं, आणि हेही की मला हे आठ दिवसांपासून ठाऊक होतं. तिनं वही मिटली. म्हणाली, "आबा, मग रोज नापास कशाला म्हणत हुता?" मी म्हणालो, चुकलो. ती रडली, मीही थोडा. मग तीच आत जाऊन कॅलेंडरचं पान फाडून आली आणि म्हणाली, बसते परीक्षेला. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

असो. बाकी विशेष काही नाही. थंडी कमी झाली, ऊस अजून निम्मा उभा आहे. शुगर सांभाळ, चहात साखर घालू नकोस आणि दाजींनी घातली तर ओरड. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्र फार लांबलं, त्याबद्दल रागावू नये.

तुझा,
लाला

ता. क. खरं कारण लिहायचं राहून गेलं (राहिलं नाही, लिहायला धजत नव्हतो). शिवांजलीच्या कागदावर पहिल्या ओळीत असं लिहिलं होतं, "आबांनी परीक्षा संपेपर्यंत रहिमतपूरला शालूआजीकडे राहायला जावे." खाली माझी सही, तारखेसह. मी बाईंना विचारून बघितलं की उपाध्यक्षाला काही सूट असते का. नसते. शाळेच्या फाटकात हरणाबाईंनी गाठलं, म्हणाल्या, "मी टीव्ही मुका करून बघती बगा सुभेदार, तुमच्या नातीनं काय मागितलंय?" मी दुधाला उशीर होतोय म्हणून सटकलो. तेव्हा येत्या रविवारी मी सामानासह येत आहे, साधारण सव्वा महिन्यासाठी. नाही म्हणू नकोस, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ता. क. दुसरं. दाजींना आधीच सांगू नकोस, ते दुखऱ्या गुडघ्यानिशी पळून जातील. मी कुणालाही पहाटे उठवणार नाही. शिट्टी संयोगितानं काढून घेतली आहे. कोंबडा मात्र बरोबर आणतोय, इथं ठेवला तर पोरीचा अभ्यास मोडतो.

ता. क. शेवटचं. त्या कागदावर आणखी एक ओळ होती, ती मी पहिल्यांदा वाचताना चष्मा पुसण्याच्या नादात सोडली आणि मग सात वेळा वाचली. "पण पेपरच्या दिवशी केंद्रावर सोडायला आबाच पाहिजेत. कुणी दुसरं नको." त्यामुळे प्रत्येक पेपरला मला रहिमतपूरहून पहिल्या गाडीनं किर्लोस्करवाडीला उतरून पलूस गाठायचं आहे, आणि तिला आत सोडून परत तुझ्याकडं यायचं आहे. विश्वजीत फोनवर म्हणाला, आबा, एवढी दगदग कशाला, रिक्षावाला सोडील की. मी त्याला सांगितलं, तुला नाही कळायचं. आक्का, पेपरच्या दिवशी पहाटे तू उठू नकोस, चहा माझा मी करून घेईन.