पुढच्या पानाकडे बघ

आप्पा, तुमची पणती मोठी इंजिनियर झाली, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझ्या लेकीची लेक. तुम्ही गेलात तेव्हा लेकीचंच लग्न व्हायचं होतं, मग हिला कुठून बघणार! माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर लिहायची वेळ कितीशी आली? शाळेतून काढलंत तेव्हा तुम्हीच आईला म्हणालात, "हिला पंगत वाढता येते, बास झालं की." थांबा, चहा उतू जातोय.

हं. तर तिचं काम. पोळपाटाएवढी, चाकांवर पळणारी यंत्रं बनवते. रोबोट म्हणतात. एकदोन नाहीत, थवाच्या थवा. गोदामात खोकी इकडून तिकडे नेतात आणि त्यांच्यात मुकादम कोणीच नाही. मी विचारलं, "अगं, मग हुकूम कोण देतं?" तर म्हणाली, "कोणीच नक्को, आजी. प्रत्येकाने आपल्या पुढच्याकडे बघायचं, बस!" आप्पा, ही तर तुमची पंगत.

नारायणगुड्यातलं आपलं गणपतीचं पटांगण. तुम्ही कचेरीतून रजा काढून खांबाशी उभे, हात मागे बांधलेले. पंगतीत हाका मारायच्या नाहीत, हा तुमचा दंडक. भातवाल्याचं भांडं रिकामं झालं की तो गुमान आत जातो, मागचा त्याची ओळ धरतो. माझ्या हातात कोशिंबीर, परकराचा ओचा खोचलेला. माझ्यापुढे मीठ वाढणारी मैत्रीण ठेचकाळून खालीच बसते. मी भांबावून तुमच्याकडे बघते. तुम्ही जागचे हलत नाही. "कायकू माझ्याकडे बघतेस? पुढच्या पानाकडे बघ!" हाका मारू नका म्हणणारे तुम्हीच ओरडलात, तेही सगळ्यांदेखत! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण मीठही मीच वाढलं आणि ओळ पुरी केली.

ही पोर लहानपणी आमच्या नल्लकुंट्याच्या घरी सत्यनारायणाला वाढायची, तेव्हा तेच वाक्य मी तिला ऐकवत आले. एकदा रुसून म्हणाली, "आजी, तू तो पूरी हेडमास्तर आहेस."

परवा तिच्या कंपनीतले मोठे साहेब काम बघायला आले. पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तिच्या हाती, नाहीतर इतक्या वर्षांच्या मेहनतीला कुलूप. घरच्यांनाही बोलावलं होतं. मी नवी इरकली नेसून पहिल्या खुर्चीवर. यंत्रं निघाली, एकामागे एक, अगदी शिस्तीत. आणि मध्येच एक बंद पडलं. ठरलेलं नव्हतं, पोरीचा चेहराच सांगत होता. मागची सगळी खोळंबली. साहेब एकमेकांच्या कानाला लागले. तिचा हात कॉम्प्युटरकडे गेला... आणि परत आला. दोन्ही हात तिने पाठीमागे बांधले. आप्पा, अगदी तुमच्यासारखे! मी पदर तोंडाशी धरून पुटपुटतेय, "पुढच्या पानाकडे बघा रे, लेकरांनो." आणि खरंच, मागचं एक यंत्र हळूच बाजूने पुढे आलं, पडलेल्याचं खोकं उचललं आणि त्याची ओळ धरून चालू लागलं. बाकीची त्याच्या मागे. टाळ्या काय वाजल्या!

काम तिलाच मिळालं. मग एका साहेबांनी विचारलं, हे सुचलं कुठून? पोरीने सरळ माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, हा माझ्या आजीचा नियम आहे.

हे पत्र टाकणार तरी कुठे? देवघरातल्या तुमच्या फोटोमागे ठेवीन. पोरीला मराठी धड वाचता येत नाही, आज तेच बरं वाटतंय. कारण तुमचं नाव सांगायला मी तोंड उघडलं होतं, आप्पा. पण एवढे शिकलेले लोक सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते इतकं आवडलं, की मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "हौ."