चेहरा जुळत नाही

ती. ताईस,

नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि वरच्या भाडेकरूचा कुत्रा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

मधमाश्यांच्या पेट्यांवर शेती कार्यालय अनुदान देतं. (यांना हे न्हाव्याकडे कळलं, आणि न्हाव्याकडे कळलेली गोष्ट यांच्या लेखी कायदाच.) पेट्या माझ्या नावावर घेतल्या. घर यांच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या. माझ्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही आलं, ते डंख मारणारं. अट अशी, की प्रत्येक हप्त्याआधी पेटीशेजारी उभं राहून कार्यालयाच्या मोबाइलला चेहरा दाखवायचा. मी शहाण्या माणसासारखी तोंडावर जाळी घालून उभी राहिले. चेहरा आढळला नाही, असं मोबाइलने कळवलं. कारकून गोठ्याच्या भिंतीआडून ओरडला, "मावशी, जाळी काढा!" मी म्हटलं, "तू ये आणि काढ." आला नाही. शेवटी मीच काढली.

माश्यांनी सरकारी नियम वाचलेले नव्हते. उजवा डोळा मिटला, ओठ नाकाला भिडला, गालांचं तर बोलायलाच नको. आता मोबाइल म्हणाला, चेहरा जुळत नाही. (आरशाचंही तेच मत पडलं.) कारकुनाला दया आली. "काळजी करू नका, तुमचा नवा फोटोच टाकतो," म्हणाला, आणि त्या अवस्थेतला माझा फोटो त्याने कायमचा नोंदवला. लगेच जुळला. हप्ताही आला. कारभार सुधारला बरं का, असं मी चार लोकांत बोलून बसले. ते वाक्य मी परत घेते.

कारण आठवड्यात सूज उतरली, आणि दुसऱ्या हप्त्याला मी पुन्हा मीच! थेट कार्यालय गाठलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार सौजन्याने विचारलं, "त्या बाई कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

"तसं चालत नाही. त्यांना स्वतःलाच यावं लागेल."

फोटो वर्षातून एकदाच बदलता येतो. महिनाअखेर चेहरा जुळला नाही, तर पेट्या उचलून नेणार. ताई, माश्या आता कुठे रुळल्या आहेत, पहिला मध धरला आहे, आणि या मंडळींना माझं सुजलेलं थोबाड हवं! पुन्हा डंख मारून घे, असं यांनी सुचवलं. मी ठणकावून सांगितलं, असली लबाडी या घरात चालणार नाही.

भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. डंख मारून घ्यायला मी जाळीशिवाय तीनदा बसले. उपयोग शून्य. माश्या अंगावर येतात, फिरतात, निघून जातात. या सगळ्या प्रकरणात माझी ओळख पटलेल्या तेवढ्याच.

ता. क. २. तुला त्या ओळखत नाहीत. आपली चेहरेपट्टी मुळात एक, सुजल्यावर तर आईलाही फरक कळला नसता. तेव्हा चार दिवस हवापालटाला ये. गुडघ्यांना त्या काही करत नाहीत. (आधी यांनाच बसवून पाहिलं. सूज अप्रतिम आली होती, पण मोबाइलने मिशी पकडली, आणि मिशी उतरवायला हे तयार नाहीत. म्हणतात, तत्त्वाचा प्रश्न आहे.)