गाणं संपेपर्यंत

अहो,

सुरुवातीला 'प्रिय' लिहावं म्हणून बसले, पण आज ते हातून उतरेना. रागात आहे मी. तुम्ही असताना मी रागावले की तुम्ही एखादी रेकॉर्ड लावायचात आणि माझं बोलणं तिथंच बंद पडायचं. आता लावा बघू.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. सकाळी दूध आणायला गेले तर समोर तुम्ही, अख्ख्या मजल्याएवढे. फोटो आपल्या वैशालीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली तुमच्या गाण्याच्या मंडळातल्या सगळ्यांचे छोटे छोटे फोटो. आणि तुमच्या डोक्यावर लिहिलंय, 'जुनी गाणी ऐकता ऐकता सुरांत विलीन झालेला रसिक'. तुम्ही गेल्याला वर्ष होतंय, गुरुवारी त्याचा कार्यक्रम आहे, हॉल घेतलाय. मी दुधाची पिशवी धरून तिथंच उभी राहिले. विलीन म्हणे!

दुपारी मगदूम सर आले. तुमच्यामागं त्या गुरुवारच्या मंडळाचे कारभारी आता तेच. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैनी, ती शेवटची रेकॉर्ड तेवढी द्या. गुरुवारी तीच लावून सुरुवात करायची म्हणतोय."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? माणूस गाणं ऐकत गेला की हो. असं मरण कुणाला मिळतंय? आनि तुमीबी दोन शब्द बोला. तुमी त्या वक्ताला घरातच हुतासा की."

होते. घरातच होते. उद्या या म्हणून सांगितलं त्यांना. आता रात्री दार लावून हे लिहायला बसलेय. तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय मी लोकांत बोलणार नाही.

मला गाणी आवडायची, हे तुम्हाला कधी कळलं का? माहेरी कळंब्याला धुणं धुताना मी मोठ्यानं गायची, शेजारणी हसायच्या. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, कारखान्यात कारकून आहे, घरात गाण्याचं मशीन आहे, तुझी मजा आहे बघ. मी तुमच्या नोकरीपेक्षा त्या मशीनवर जास्त खूश झाले होते.

आणि पहिल्याच गुरुवारी काय झालं? तुमची मित्रमंडळी पुढच्या खोलीत बसलेली. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले, हातभर हिरवा चुडा. बांगड्या वाजल्या. तुम्ही डोळे उघडलेत आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "गाणं संपू दे की. कळत न्हाय?" मगदूम सर तेव्हा पोरगेलेसे होते, ते हसले. मी ट्रे घेऊन उलट्या पावली बाहेर गेले.

त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही. बांगड्या कोपराकडं सरकवायच्या, ट्रे कमरेला टेकवायचा आणि पडद्याआड उभं राहायचं. गाणं संपलं, वाहवा झाली, की आत जायचं. कप गार लागला की तुम्ही भुवई वर करायचात. उकळता चहा दाराबाहेर कुणी थांबवला होता, हे विचारायची माझी छाती नव्हती.

चहा होऊन मी दारात पोचेपर्यंत गाणं अर्ध्यावर गेलेलं असायचं. आत कप दिले की पुढचं आधण ठेवायला परत चुलीकडं. सगळा संसार असाच गेला. तुमच्या कपाटातल्या झाडून सगळ्या गाण्यांचे शेवट मला पाठ आहेत. सुरुवात एकाचीही माहीत नाही.

आणि ते इंग्रजी? तुमच्या मंडळातले भोसले वकील पुण्याहून त्या रेकॉर्डी आणायचे. एकदा गिटार सुरू झाली की तो बाबा थांबायचं नाव घेत नसे. चहावर साय धरायची, साय सुरकुतायची, तरी त्याचं चालूच. एकदा शांत झालं म्हणून मी आत पाऊल टाकलं, तर तो दुप्पट जोरानं सुटला. वकील म्हणाले, "वैनी, संपलं नव्हतं, दम घेतला त्यानं." दम त्यानं घ्यायचा आणि ट्रे मी धरायचा!

त्यातलं एक अक्षर तुमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं. तरी माना डोलत होत्या. मी एकदा विचारलं, काय म्हणतोय हो तो? तर तुम्ही म्हणालात, "जुनं हाय ते. दर्जा बघ." म्हणजे काय? जुनं असणं हाच दर्जा असेल तर आपल्या माळ्यावरचा गंजका बंबही दर्जेदारच म्हणायचा.

मी आज स्पष्टच बोलते. तुमच्या त्या काळाचा फार गवगवा केलात तुम्ही. त्या काळात भिकार गाणी होत नव्हती का? ढिगानं होत होती. ती लोक विसरून गेले. चाळून उरली तेवढी तुम्ही कपाटात लावलीत, आणि येईल त्याला सांगत बसलात की आमच्या वेळी सगळंच असं होतं. आजच्या पोरांची मात्र न चाळलेली गाणी घेऊन त्यांना नावं ठेवायची. हा कुठला न्याय?

आणि उरलेल्या गाण्यांत तरी काय होतं? निम्म्या गाण्यांत एक बाई दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघतेय. तिच्या त्या वाट बघण्यावर तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. मगदूम सर रुमाल काढायचे. पडद्याच्या अलीकडं एक बाई खरोखरची उभी होती, ट्रे धरून हात भरून आलेली. तिच्याकडं बघायला काय होत होतं?

सासूबाई मला एक गोष्ट सांगायच्या, तुम्ही कधी सांगितली नाहीत. तुम्ही कॉलेजात असताना मामंजींनी तुमचा रेडिओ उचलून परसात फेकला होता. त्यांना भजनाशिवाय सगळं थिल्लर. ह्या असल्या गाण्यांनी पोरं वाया जात्यात, म्हणाले होते. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. कुठली गाणी होती ती? हीच की. ज्यांच्यावरून तुम्ही आम्हाला दर्जा शिकवलात, तीच.

तरीसुद्धा तुम्ही वैशालीशी तेच केलंत! बारावीला होती ती. वर्गातल्या मैत्रिणीकडून कॅसेट आणून लावली होती, स्वयंपाकघरात माझ्यासमोर. आम्ही दोघी भाकरी करता करता ऐकत होतो. तुम्ही आलात, टेपरेकॉर्डरचं बटण दाबलंत, कॅसेट काढून खिशात घातलीत. "भांडी पडल्यागत वाजतंय. घरात असलं न्हाय चालायचं." पोरगी म्हणाली, "पप्पा, तुमचं तुमच्या खोलीत वाजतंय की. हे आमच्या खोलीत." तुम्ही तिच्याशी आठवडाभर बोलला नाहीत. ती कॅसेट मैत्रिणीला परत गेलीच नाही.

गेल्या गणपतीत इथं बावड्यातच एका गणेश मंडळानं कार्यक्रम ठेवला होता, 'सोनेरी आठवणी'. वैशालीच्या वयाची माणसं डोळे पुसत ऐकत होती. गाणी कुठली? त्या कॅसेटवरची. मला हसू आलं आणि मग तुमचा फार राग आला. आणि आता वैशाली तिच्या पोराला ओरडते, बंद कर ते, डोकं उठलं. तिला मी म्हटलं, बाई, तुझ्या तोंडून तुझे पप्पा बोलताहेत.

चांगली गाणी नव्हतीच असं मी म्हणत नाही. दोन-चार शेवट असे आहेत की अजूनही अंगावर काटा येतो. पण मग मला आत बसवून का नाही ऐकवलंत? खोलीत खुर्च्या कमी होत्या का?

आता त्या दिवसाचं.

रविवार होता, मंडळ नव्हतं. चारच्या सुमाराला तुम्ही एकटेच पुढच्या खोलीत. मी नेहमीसारखा चहा घेऊन आले, एकच कप. पडद्याजवळ पोचले तर गाणं चालू. बाई गात होती, दुसरं कडवं असावं. मी थांबले. आत तुम्ही एकटे होता, कुणाच्या देखत ओरडणार नव्हता, तरी थांबले. पायांनाच सवय होती.

तेवढ्यात आत तांब्या पडला. पितळी, तुमच्या खुर्चीशेजारचा. गडगडत भिंतीपर्यंत गेला. मी म्हटलं, पाणी सांडलं वाटतं, गाणं संपलं की पुसू.

गाणं संपलं की पुसू.

उरलेलं सगळं गाणं मी उभ्यानं ऐकलं. मग ते संपलं आणि सुई नुसतीच खरखरत राहिली. तुम्ही सुई कधी अशी सोडली नव्हती. तेव्हा मी आत आले.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लगेच गेलात, दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. त्यांना काय माहीत? ते गाणं किती लांब होतं, हे त्यांना कुठं माहीत होतं? मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. दारात चपलांचा ढीग पडलेला आणि मगदूम सर प्रत्येकाला सांगत होते, गाणं ऐकत गेला, नशीबवान माणूस. लोकांना ते इतकं आवडलं की मी गप्प बसले. आता ते फ्लेक्सवर गेलंय.

खरं काय ते मी सांगते. तांब्या पडल्यानंतरचं गाणं तुम्ही ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं. तुमच्या रसिकपणाचा हा नियम मी तुमच्या बाबतीतसुद्धा पाळला. याचा राग मी कुणावर काढू? तुमच्यावरच काढणार. तुम्हीच केलात तो नियम.

आज सर गेल्यावर मी ती रेकॉर्ड काढली. वर्षभर साड्यांच्या कपाटात ठेवली होती. तुमच्या खुर्चीत बसले. मशीनला मी कधी हात लावलेला नव्हता, धूळसुद्धा तुम्हीच पुसायचात. सुई ठेवताना हातातून निसटली, रेकॉर्डवर चर्र करून ओरखडा उठला. ओरडा की आता!

त्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं, अगदी सुरुवातीपासून. आधी थोडी बासरी आहे. मग बाई गायला लागते. आवाज गोड आहे. शब्द साधेच, रात्र, चांदणं, वाट, तेच ते. मी कान देऊन ऐकलं. काहीतरी मोठं सापडेल म्हणून ऐकलं, देवाशप्पथ. पहिलं कडवं झालं.

साधं गाणं आहे हो. बरं आहे, वाईट नाही. पण तुम्ही आत पडलेले असताना मला बाहेर उभं करावं एवढं मोठं नाही. एवढं मोठं कुठलंच गाणं नसतं, जुनं नाही आणि कालचंही नाही.

दुसरं कडवं सुरू झालं तसा मला चहाचा वास आला. मान वळवली. पडद्याआड वैशाली उभी होती. वारणानगरहून सकाळीच आलीय तुमच्या वर्षासाठी. एवढी शाळेची मुख्याध्यापिका, कानामागचे केस पिकलेले, आणि हातात दोन कप घेऊन गप्प उभी. बांगड्या कोपराकडं सरकवलेल्या.

"कधीची उभी आहेस गं?"

"झाला थोडा वेळ. गाणं संपू दे म्हटलं."

मी उठले आणि सुई उचलली. मधेच, ओळ तोडून.

"अगं आई, पुढचं राहिलं की."

"पुढचं मला पाठ आहे. ये आत."

ती आली. तुमच्या खुर्चीशेजारी बसली. आम्ही चहा प्यायलो. गरम होता. मग तिला सगळं सांगितलं, तांब्यासकट. ती खूप रडली. मग म्हणाली, मीपण थांबलेच असते गं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

तर आता ऐका. मगदूम सरांना मी रेकॉर्ड देणार आहे, पण आधी मी बोलणार आणि मग ती लागणार. गुरुवारी व्यासपीठावर उभी राहून मी तांब्याचं सांगणार. पडद्याचं सांगणार. समोर बसलेल्या सगळ्या रसिकांना सांगणार, की घरी जाऊन आधी दारात बघा कोण उभं आहे. सरांना वाईट वाटेल, वाटू दे. आणि या घरात यापुढं कुठलंही गाणं चालू असो, ज्याला आत यायचंय तो बांगड्या वाजवत आत येईल. हा माझा शब्द.

त्या रविवारी मी मधेच आत आले असते, तर तुम्ही माझ्यावर ओरडला असता. ओरडायला हवं होतं हो तुम्ही. मला चाललं असतं.

तुमची,
शालन