धर्माचा रकाना

शनिवार, स्टुटगार्ट

गणपतीत आज जिझियावर बोललो. मुघल धर्म विचारून कर घेत, हे सांगताना आवाज चढला, टाळ्या पडल्या. पुढेच सोलापूरच्या शबानाताई बसल्या होत्या. आमच्या मंडळाचे मोदक दरवर्षी त्याच करतात. यंदा प्रवेशाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना मीच घातला: हिंदूंना दहा युरो, इतरांना वीस. त्यांनी मुकाट्याने वीस भरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

भाषणानंतर त्या मोदकांचं ताट घेऊन आल्या. "छान बोललात, भाऊ. जिझिया भरणाऱ्यांना वर स्वयंपाकही करावा लागायचा का हो?"

"सक्ती कुठेय? पुढच्या वर्षी नका करू," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. असं का बोललो? तो रकाना काढावा का?

मोदक मात्र तीन खाल्ले.