वटारच्या गोठ्यातला हिमालय

पपा,

तुम्ही आयुष्यभर शाळेत हिमालय शिकवलात आणि उत्तरेला गेलात कुठवर, तर पालघरपर्यंत, तेही पेपर तपासायला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, तुम्ही तर उंटही पाहिला नव्हता. नाताळात अख्खं वटार बेथलेहेमचा गोठा मांडायचं आणि आपल्या ओटीवर हिमालय उभा राहायचा. चहाच्या पाण्यात बुडवलेल्या गोणपाटाच्या रांगा: पुढे ठेंगणी शिवालिक, तिच्यामागे दूनच्या सपाटीसाठी चार बोटं जागा, मग पीर पंजाल, आणि सगळ्यात मागे कापूस पांघरलेली हिमाद्री. मधल्या काश्मीरच्या खोऱ्यात, आईने रुजवलेल्या नाचणीच्या हिरवळीवर, बाळ येशू. फादर एकदा हसून म्हणाले, "मास्तर, येशू बेथलेहेमात जन्मला ना?" तुम्ही म्हणालात, "फादर, धर्म तुमच्याकडे, भूगोल माझ्याकडे." बघायला आलेल्या पोरांनी रांगा दक्षिणेकडून उत्तरेकडे घडाघडा म्हटल्याशिवाय त्यांना नाताळचे गोड कुलकुल मिळत नसत. माझी लाजेने मान खाली जायची.

आईने एकदाच तोंड उघडलं. तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात की हा डोंगर पूर्वी समुद्राचा तळ होता, दोन भूखंड एकमेकांवर रेटले गेले आणि गाळाला घड्या पडल्या. तिने विचारलं, "मग त्यातले मासे कुठे गेले?" तुम्ही म्हणालात, "तू कालवणात घातलेस," आणि एवढे हसलात की पाहुण्यांनाही हसावं लागलं. त्या डोंगरावर दगडांत शिंपल्यांचे ठसे सापडतात, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी हसलात. मला तुमचा तिटकारा आला तो तेव्हापासून. त्यानंतर ती दर डिसेंबरात एवढंच म्हणायची, "एकदा खरा बर्फ बघायचाय." तुमचं उत्तर ठरलेलं, "त्यात बघायचं काय? मांडलाय की इथे." बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि तो तिने जन्मभर गिळला.

तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. यंदा मे महिन्यात मी तिला गुलमर्गला नेलं. गुडघे धरत ती उतारावर उभी राहिली. खाली खोरं, पलीकडे पांढरी रांग. मला वाटलं, आता तुमच्या नावाने बोटं मोडेल. बघतो तर ती बोट दाखवत पुटपुटते आहे, हातात रोझरी असावी तशी: "शिवालिक मागे राहिली. आपण उभे ती पीर पंजाल. समोर हिमाद्री." मग खोऱ्याकडे बघत म्हणाली, "बाळाला तिथं ठेवायचे. जागा बरोबर होती हां त्यांची." आणि रडायला लागली. "त्यांना आणायला पाहिजे होतं रे." मला असा संताप आला की मी तिला तिथेच सोडून चहा प्यायला गेलो. घरबसल्या, फुकट, तुम्हीच जिंकलात.

म्हणून यंदाच्या नाताळाला मी तुळिंजच्या बाजारातून थर्माकोलचं तयार बेथलेहेम आणलं. आईने फक्त नाचणी भिजत घातली. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही ते बरंच, नाहीतर लाल पेनाने चुका काढून परत दिलं असतंत. आज ती चर्चमध्ये मिस्साला गेली आहे. मी थर्माकोल बाजूला सारून माळ्यावरचा गोणपाट काढला आणि रांगा मांडल्या. शिवालिक पीर पंजालला चिकटली होती, ती मीच उठून पुढे सरकवली, दूनला जागा सोडली. हिमाद्रीच्या कापसात एक शिंपला खोचला आहे. तो आईचा. बाकी सगळं, मान्य करतो, तुमच्याच क्रमाने आहे.